दुसरा बाण : वेदना, तृष्णा आणि चित्ताचे स्वातंत्र्य

वर्षावासाच्या काळात विहारांतून धम्मप्रवचने होतात, तेव्हा श्रोत्यांपैकी कोणीतरी एक प्रश्न हमखास विचारतो. विचारणारा बहुधा तरुण असतो आणि त्याच्या स्वरात थोडी चीडही असते. दुःखाचे मूळ जर मनातील तृष्णेत आहे, तर महाडचा संगर कशासाठी होता? तळ्याचे पाणी नाकारले गेले, त्याचे दुःख तहानलेल्याच्या तृष्णेतून उत्पन्न झाले होते काय? प्रवचनकार पुष्कळदा या प्रश्नाला बगल देऊन शांतीच्या महतीकडे वळतात, आणि तो तरुण पुढच्या पौर्णिमेस येत नाही.

वस्तुतः हा प्रश्न टाळण्याजोगा नाही. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीच तो वेगळ्या शब्दांत आपल्यापुढे ठेवला आहे. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा त्यांचा ग्रंथ १९५७ साली, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर प्रसिद्ध झाला. त्याच्या प्रास्ताविकात, चार आर्यसत्ये ही मूळ बुद्धवचनाचा भाग आहेत काय, अशी शंका त्यांनी घेतली. जन्म, जीवन आणि मरण हे सारेच दुःख असेल, तर माणसाला आशा कोठून मिळणार, हा त्यांच्या शंकेचा गाभा होता. पण याच ग्रंथात, मनाला सर्व गोष्टींच्या केंद्रस्थानी मानणे हे बुद्धाच्या शिकवणुकीचे पहिले वैशिष्ट्य म्हणूनही ते सांगतात. ही दोन विधाने परस्परविरोधी वाटतात. ती तशी आहेत की नाहीत, याचा शोध संयुत्तनिकायातील वेदनासंयुत्ताच्या आधारे घेता येतो, असे मला वाटते. या संयुत्तातील दोन सुत्ते शेजारी ठेवून वाचली पाहिजेत. एकटे पहिले वाचणारा फसतो.

पहिले सल्लत्थसुत्त. 'सल्ल' म्हणजे शल्य, बाणाचे टोक. मराठीत आपण 'मनात सल राहणे' म्हणतो, तो शब्द याच कुळातील. भगवंत भिक्खूंना विचारतात की, अशिक्षित सामान्य माणसालाही सुख, दुःख आणि अदुःखअसुख अशा वेदना होतात, आर्यश्रावकालाही होतात. मग दोघांत भेद कोणता? उत्तरादाखल ते बाणाचा दृष्टान्त देतात. सामान्य माणसाला शारीरिक दुःखवेदना झाली की तो शोक करतो, छाती पिटतो, गोंधळून जातो. एक बाण लागलेल्याच्या अंगात लगेच दुसरा बाण रुतावा, तसे त्याचे होते. त्याला दोन वेदना भोगाव्या लागतात, एक कायेची आणि एक चित्ताची. आर्यश्रावकाला पहिला बाण लागतो; दुसरा लागत नाही.

येथे एक गोष्ट काळजीपूर्वक पाहावी. पहिला बाण नाही, तो भास आहे, असे हे सुत्त म्हणत नाही. देवदत्ताच्या कपटाने पायात दगडाची कपची घुसली तेव्हा तथागतांना तीव्र वेदना झाल्या, हे तिपिटकातच नमूद आहे. बेलुवग्रामातील अखेरच्या वर्षावासात त्यांना प्राणांतिक आजाराने ग्रासले होते. बुद्धत्व म्हणजे बधिरता नव्हे. शरीर आहे तोवर काटा टोचणार. ज्या मतात आत्मा नित्यशुद्ध आणि नित्यमुक्त मानला जातो, त्या मताला दास्यातील माणसाची समजूत काढणे फार सोपे जाते : तू मूळचाच मुक्त आहेस, बंधन हा भ्रम आहे. बौद्ध दर्शन ही सवलत देत नाही. आत असा कोणी नित्यमुक्त पुरुष बसलेला नाही. स्वातंत्र्य मिळवायचे तर ते याच चित्ताच्या व्यापारात, याच जन्मात मिळवावे लागते.

मग ते मिळते कोठे? प्रतीत्यसमुत्पादाच्या बारा निदानांत स्पर्शापासून वेदना आणि वेदनेपासून तृष्णा असा क्रम आहे. हा क्रम यंत्राच्या दात्यांसारखा अटळ समजणे ही आपल्याकडील सार्वत्रिक चूक आहे. वेदना हा तृष्णेचा प्रत्यय आहे, म्हणजे तिच्यावाचून तृष्णा उद्भवत नाही. परंतु वेदना झाली की तृष्णा झालीच पाहिजे, असे यातून निष्पन्न होत नाही. तसे असते तर अर्हतालाही तृष्णा चुकली नसती. वेदना आणि तृष्णा यांच्या मध्ये एक फट आहे. ती अतिशय अरुंद आहे आणि सामान्यतः आपल्या दृष्टीस पडत नाही, पण चित्ताचे जे काही स्वातंत्र्य आहे ते तेवढ्या जागेत आहे.

मज्झिमनिकायातील मधुपिंडिकसुत्तात महाकच्चान स्थविरांनी ही प्रक्रिया उलगडून दाखविली आहे. स्पर्शातून वेदना होते. जे वेदले जाते ते संज्ञेचा विषय होते. मग त्यावर वितर्क चालतो आणि वितर्काचा प्रपंच होतो. (मराठीत प्रपंच म्हणजे संसार; येथे त्याचा अर्थ मनातल्या मनात वाढत जाणारा पसारा असा आहे.) या टप्प्यापर्यंत माणूस विचार करीत असतो. त्यापुढे विचारच माणसाचा कबजा घेतात आणि त्याला भूत, भविष्य व वर्तमान यांत फरफटत नेतात.

उदाहरण आपल्या घरातलेच घेऊ. एक तरुण नव्या कार्यालयात रुजू होतो. पहिल्याच दिवशी शेजारचा सहकारी त्याचे नाव विचारतो. नाव सांगितल्यावर आडनाव विचारतो. आडनावावरून उलगडा झाला नाही, तेव्हा गाव विचारतो. या तिसऱ्या प्रश्नामागे काय आहे, हे आपल्यापैकी कोणाला समजावून सांगावे लागत नाही. छातीत काहीतरी आवळते, कानशिले तापतात. हा पहिला बाण, आणि तो खराच आहे. पण तरुण घरी येतो, जेवायला बसतो, आणि तो संवाद मनात पुन्हा चालू होतो. मी असे उत्तर द्यायला हवे होते. उद्या तो पुन्हा विचारील. साऱ्या कार्यालयात एव्हाना झाले असेल. मी खरेच कमी आहे काय? प्रश्न विचारणारा त्या वेळी आपल्या घरी निवांत झोपलेला असतो. आता जो बाण रुततो आहे, तो त्याने सोडलेला नाही.

दुसऱ्या बाणाचे सामर्थ्य या शेवटच्या प्रश्नात आहे. शतकानुशतके तो बाहेरून विचारला गेला. पुढे तो मनातून आपोआप उमटू लागला. १९४२ साली नागपूरच्या परिषदेत बाबासाहेबांनी सांगितले की आपली लढाई संपत्तीसाठी वा सत्तेसाठी नसून स्वातंत्र्यासाठी, मानवी व्यक्तिमत्त्व परत मिळविण्यासाठी आहे, ते याच कारणाने. कायद्याने रस्ता मोकळा होतो. त्या रस्त्यावरून मान वर करून चालणे ही मात्र चित्ताची गोष्ट आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी दीक्षाभूमीवर दिलेल्या बावीस प्रतिज्ञा मी या दृष्टीने वाचतो. सर्व माणसे समान आहेत अशी प्रतिज्ञा प्रत्येकाने स्वमुखाने उच्चारावी, हा आग्रह ती गोष्ट इतरांना पटवून देण्यासाठी नव्हता. उच्चारणाऱ्याला ती पटावी यासाठी होता.

आता दुसरे सुत्त पाहू. राजगृहाच्या वेळुवनात मोळियसीवक नावाचा परिव्राजक भगवंतांकडे येतो. तो विचारतो की, माणूस जे जे सुखदुःख भोगतो ते सर्व पूर्वकर्मामुळे, असे काही श्रमण-ब्राह्मण सांगतात. आपले यावर काय मत आहे? भगवंत वेदनेची आठ कारणे सांगतात. पित्त, कफ, वात आणि या तिघांचा प्रकोप, ऋतूंतील बदल, आहारविहारातील वैषम्य, उपक्रम, म्हणजे बाहेरून झालेला आघात, आणि आठवे कर्मविपाक. पुढे ते स्पष्ट म्हणतात की, सर्व वेदना पूर्वकर्मामुळेच होतात असे सांगणारे लोक स्वतःच्या अनुभवाचीही आणि जगात सत्य म्हणून मान्य असलेल्या गोष्टींचीही मर्यादा ओलांडतात. त्यांचे म्हणणे मिथ्या आहे.

आठांपैकी सात कारणे शरीराची, निसर्गाची आणि माणसांच्या व्यवहाराची आहेत. पहिला बाण कोठून आला हे शोधायचे असेल, तर मागच्या जन्माकडे बोट दाखवून सुटका नाही. वैद्याने पित्त पाहावे, आणि आघात झाला असेल तर आघात करणारा हात पाहावा. आपल्या वाडवडिलांना सांगितले गेले ते नेमके याच्या उलट होते. तुम्ही गावाबाहेर राहता ते तुमच्या पूर्वसंचितामुळे, हे सांगणे म्हणजे पहिला बाण मारून तो तुमच्याच भात्यातला आहे असे पटविणे होय. आमच्या अभ्यासवर्गांत सल्लत्थसुत्त आवडीने वाचले जाते आणि सीवकसुत्त क्वचितच, ही मला गंभीर उणीव वाटते. पहिले सुत्त चित्ताचा उपाय सांगते. दुसरे सांगते की कारण चित्ताबाहेरही असू शकते आणि तेथेच ते दूर केले पाहिजे.

सल्लत्थसुत्त हे बाण लागलेल्याने स्वतःसाठी वाचावयाचे आहे, बाण सोडणाऱ्याने जखमीला ऐकवावयाचे नाही, हेही येथे सांगितले पाहिजे. 'मन शांत ठेवा' हा उपदेश कोण कोणाला करतो यावर त्याचा अर्थ अवलंबून असतो. अलीकडे ताणमुक्तीच्या नावाने ध्यानाची जी शिबिरे भरविली जातात, त्यांपैकी कित्येकांत ताण कोणी निर्माण केला हा प्रश्नच वर्ज्य असतो.

महाडचे काय, या मूळ प्रश्नाकडे आता येता येईल. २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केल्यानंतर, आता हे लोक वीरेश्वराच्या देवळात शिरणार, अशी अफवा गावात पसरविण्यात आली आणि परिषदेच्या मंडपात जेवणाऱ्या प्रतिनिधींवर लाठ्या चालल्या. प्रतिकारास उतावीळ झालेल्या आपल्या लोकांना बाबासाहेबांनी आवरले. त्या क्षणी त्यांच्या मनात काय होते हे सांगण्याचा अधिकार आपल्याला नाही. धर्मांतराला तेव्हा २९ वर्षे अवकाश होता, म्हणून त्या कृतीला मागाहून बौद्ध साधनेचे नाव देणेही योग्य नव्हे. पण नंतरच्या घटनांचा क्रम आपल्यापुढे आहे. हल्लेखोरांवर खटले चालले व काहींना शिक्षा झाली. डिसेंबरात न्यायालयाचा तात्पुरता मनाई हुकूम आला तेव्हा सत्याग्रह तहकूब झाला, पण परिषद झाली आणि २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले. तळ्याचा दावा लढविला गेला तो मार्च १९३७ मध्ये उच्च न्यायालयाचा निकाल मिळेपर्यंत, म्हणजे जवळपास दहा वर्षे. क्रोधाच्या भरात सुरू झालेली गोष्ट दहा वर्षे टिकत नाही. सल्लत्थसुत्तात दुःखवेदनेच्या बुडाशी 'प्रतिघ' नावाचा अनुशय दडलेला असतो असे म्हटले आहे. प्रतिघ म्हणजे आदळआपट, प्रतिकार नव्हे. जो आदळआपट करतो त्याची दिशा बाण मारणारा ठरवितो. प्रतिकार करणारा आपली दिशा स्वतः ठरवितो.

या सुत्तातील आणखी एका निरीक्षणाकडे सहसा लक्ष जात नाही. दुःखवेदनेने पोळलेला माणूस कामसुखाकडे धावतो, कारण त्यावाचून दुसरी सुटका त्याला ठाऊकच नसते. संध्याकाळी आपल्या वस्त्यांतील गुत्त्यांकडे वळणारी पावले पाहिली की या वाक्याची सत्यता पटते. दिवसभर अवहेलना सोसलेल्या माणसाला पाचवे शील सांगताना त्याच्या सुखलोलुपतेची निंदा केली जाते. तो सुखासाठी जात नाही, सुटकेसाठी जातो, आणि तेथे रागाचा, म्हणजे आसक्तीचा, नवा अनुशय चित्तात रुजतो. त्याला दुसरी वाट दाखविल्याशिवाय शील सांगणे अपुरे आहे. ती वाट सतिपट्ठानातील वेदनानुपश्यनेत आहे : वेदना उठली की तिला दुःखवेदना म्हणून ओळखणे, ती कशी वाढते, कशी ओसरते हे पाहणे, आणि तिच्याविषयीची कथा मनात रचू न देणे. त्या तरुणाला हे पहिल्या दिवशी साधणार नाही. पण कथा सुरू झाली आहे एवढे जेवतानाच लक्षात आले, तरी त्याची रात्र वाचते, आणि सकाळी सहकाऱ्याला काय सांगावे किंवा तक्रार कोठे करावी, हे तो ठिकाणावर असलेल्या डोक्याने ठरवू शकतो.

राहिली तिसरी वेदना, अदुःखअसुख. ती सौम्य असते, म्हणून तिच्याविषयी कोणी फारसे लिहीत नाही. सुत्त मात्र सांगते की, अविद्येचा अनुशय तिच्यापाशीच दबा धरून असतो. जे पाहून सुखही होत नाही व दुःखही होत नाही, तेथे आपण पाहणेच थांबवितो. चहाच्या टपरीवर वेगळा ठेवलेला पेला पाहून ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या काहीच वाटले नाही, ते सारे क्रूर होते असे नव्हे. त्यांची वेदना तटस्थ होती. आणि हा आरोप केवळ इतरांवर करून भागणार नाही. हाताने मैला साफ करण्याच्या प्रथेविरुद्ध १९९३ साली कायदा झाला, २०१३ साली अधिक कडक कायदा झाला, तरीही माणसे गटारात उतरतात आणि गुदमरून मरतात. वर्तमानपत्राच्या आतल्या पानावरची ती चार ओळींची बातमी आपणही वाचतो. ती वाचून पान उलटताना आपल्या चित्तात कोणती वेदना होती, हे ज्याचे त्याने पाहावे.