शाईचा रंग आणि शाईची साक्ष

आमच्याकडे वकिलीची उमेदवारी करणारी एक मुलगी मागे एके संध्याकाळी नवे शाईचे पेन घेऊन आली. निब लवचिक होती. म्हणजे दाबले की रेघ जाड होते आणि सोडले की बारीक. २६ नोव्हेंबरच्या संविधान दिनासाठी विहारात लावायची उद्देशिका आपल्या हाताने लिहून देण्याचे तिने कबूल केले होते. तिचा प्रश्न साधा होता. "सर, एकाच अक्षरात गडद आणि फिकी अशी छटा पडेल अशी शाई कोणती घेऊ?"

समाजापुढे एवढे प्रश्न असताना वकीलसाहेब शाईवर लेख कसला लिहितात, असे काही वाचक म्हणतील. त्यांना आमचे उत्तर असे की, ज्यांच्या हाती पिढ्यान् पिढ्या लेखणी येऊ दिली गेली नाही त्यांच्यासाठी अक्षर ही चैनीची गोष्ट नाही. बाबासाहेबांना उत्तम फाउंटन पेनांचा शौक होता हे त्यांच्या सहवासातल्या माणसांनी सांगून ठेवले आहे. 'एक वही, एक पेन' म्हणत आपण हारफुलांऐवजी पेन देऊ लागलो, हे चांगलेच झाले. पण त्या पेनात काय भरायचे आणि त्याने लिहिलेले किती वर्षे टिकणार, हा प्रश्न कोणीतरी विचारायला हवा होता. तो या मुलीने विचारला.

प्रथम लवचिक निबची गोष्ट समजून घेऊ. निबला मधोमध चीर असते आणि तिच्या दोन बाजूंना दोन पाती. वरून खाली रेघ ओढताना दाब दिला की ही पाती फाकतात आणि शाई जास्त उतरते. आडव्या किंवा वर जाणाऱ्या रेघेत दाब द्यायचा नसतो, दिला तर निब कागदात रुतते. म्हणून या निबने देवनागरी लिहिली की शिरोरेषा बारीक येते आणि काना जाड येतो. हात खाली थांबतो तिथे, कान्याच्या पायाशी, शाईचे लहानसे तळे साचते. ते वाळले की तिथला रंग गडद दिसतो आणि वरचा फिका राहतो. छटा म्हणतात ती हीच. ती निब आणि शाई दोघींनी मिळून पाडायची असते, एकटीने पडत नाही.

आता शाई. दुकानदार दाट, भरगच्च रंगाची बाटली पुढे करतो आणि आपण भुलतो. पण ज्या शाईत रंग ठासून भरलेला असतो तिची बारीक रेघही गडद आणि जाड रेघही गडद. मग छटा कुठून येणार? छटेसाठी रंग मध्यम हवा, म्हणजे पातळ थर फिका दिसेल आणि साचलेला थर गडद. दाट शाईत थोडे शुद्ध पाणी मिसळूनही हे साधते. नऊ थेंब शाईला एक थेंब पाणी, एवढ्यापासून सुरुवात करावी. मात्र लागेल तेवढीच शाई अशी करावी. पाणी घातलेली शाई बाटलीत साठवली की तिला बुरशी धरण्याचा धोका वाढतो.

दुसरी गोष्ट शाईच्या वाहण्याची. फार मोकळी वाहणारी शाई लवचिक निबमधून लोटच्या लोट उतरते, कागदावर फुटते आणि लवकर वाळत नाही. फार कोरडी शाई असली तर पाती फाकतात पण मधली जागा भरायला शाई पोचत नाही. मग एका रेघेच्या दोन रेघा होतात, रेल्वेच्या रुळांसारख्या. हे झाले की पुष्कळ जण पेनाला दोष देतात. आधी हात सावकाश चालवून पाहा. मग निबखालची जीभ धुऊन पाहा. एबोनाइटची जीभ शाई चांगली धरून ठेवते, म्हणून लवचिक निबखाली जाणकार तीच पसंत करतात.

तिसरी गोष्ट कागद. झेरॉक्सच्या स्वस्त कागदात शाई चटकन मुरते आणि छटा मरते. ड्रॉइंगच्या खरबरीत कागदाचे तंतू फाकलेल्या पात्यांत अडकतात. आम्हा वकिलांचा लेजर कागद किंवा चांगला बाँड कागद गुळगुळीत असतो. त्यावर शाई थोडा वेळ वरच थांबते आणि छटा उमटते.

एवढे सांगून आम्ही थांबलो असतो तर हा लेख शौकिनांच्या कामाचा झाला असता. परंतु त्या मुलीला आम्ही घरात जपून ठेवलेल्या दोन वह्या दाखवल्या. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत, सांताक्रूझच्या वेधशाळेत, २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. मिठीचे पाणी कुर्ल्यातल्या आमच्या घरात कमरेपर्यंत आले. वडिलांची लोखंडी पेटी रात्रभर पाण्याखाली होती. तीत वस्तीच्या विहाराच्या सभांचे इतिवृत्त होते, सर्व वडिलांच्या हातचे. एका वहीत त्यांनी सुरेख निळी शाई वापरली होती. आम्ही पाने उघडली तेव्हा तिथे निळसर डागांशिवाय काही नव्हते. कोणी किती वर्गणी दिली, कोणाची जागा विहाराला मिळाली, कोणी सही केली, सारे वाहून गेले. दुसरी वही जुन्या पद्धतीच्या निळ्या-काळ्या शाईची होती. तिची पाने चिकटली, कडा कुजल्या, पण अक्षर न् अक्षर वाचता आले. पुढे विहाराच्या जागेवरून वाद उभा राहिला तेव्हा दुसरी वहीच तेवढी आमच्या हाती होती. पहिली वही जास्त देखणी होती. पण देखणेपणा साक्षीला आला नाही.

ही निळी-काळी शाई म्हणजे काय? हिराकस आणि मायफळातले टॅनिन यांची ती शाई. लिहिताना फिकी असते. हवेतल्या ऑक्सिजनने लोहाचे रूप बदलते, टॅनिनशी मिळून त्याचा काळा, पाण्यात न विरघळणारा पदार्थ होतो आणि तो कागदाच्या तंतूंतच बसतो. फिकी असताना अक्षर दिसावे म्हणून तिच्यात निळा रंग घालतात. पाण्याने निळा रंग जातो, काळी रेघ राहते. इंग्लंडात जन्म-मृत्यूच्या सरकारी नोंदवह्या पिढ्यान् पिढ्या याच जातीच्या शाईने लिहिल्या गेल्या.

वाचकांना आनंद वाटावा अशी गोष्ट पुढेच आहे. टिकाऊ शाई म्हणजे रुक्ष शाई, ही समजूत चूक आहे. हिराकसाच्या शाईची छटा फार सुंदर पडते. जिथे थर जाड तिथे लोह जास्त, म्हणून तिथे रेघ काळीभोर होत जाते आणि बारीक रेघ राखाडी-निळी राहते. आज मिळणाऱ्यांत रोरर अँड क्लिंगनरची सॅलिक्स निळी आहे, स्कॅबिओसा जांभळट आहे. डायमाइनची रजिस्ट्रार्स आहे. जपानच्या प्लॅटिनमने २०१७ साली याच जातीच्या सहा रंगांच्या शाया काढल्या.

नुसत्या छटेसाठी नावाजलेल्या शाया वेगळ्या. नूडलर्सची अपाचे सनसेट लवचिक निबवाल्यांची लाडकी आहे. एकाच रेघेत पिवळ्यापासून विटकरी नारिंगीपर्यंत जाते. अपाचे हे अमेरिकेतल्या त्या आदिवासी समूहांचे नाव, ज्यांची भूमी हिरावली गेली. बाटलीवर नाव आले, भूमी परत आली नाही, हे शाई भरताना आठवावे. रोरर अँड क्लिंगनरचीच आल्ट गोल्डग्रून पिवळट हिरवी आहे, डायमाइनची एन्शंट कॉपर तांबूस. भारतात १९३४ साली सुरू झालेल्या सुलेखाच्या शाया २०२० पासून पुन्हा मिळू लागल्या आहेत. रंगद्रव्याच्या अशा शायांनी मित्राला पत्र लिहा, शुभेच्छा लिहा. वकीलपत्र, दानपत्र, इतिवृत्त, चेक मात्र त्यांनी लिहू नका. शाळेतली धुता येणारी निळी शाई तर खास पेनाने पुसताही येते. सही पुसली गेल्यावर कोर्टात आम्ही काय दाखवणार?

हिराकसाच्या शाईचे दोषही सांगितले पाहिजेत, नाहीतर आमची साक्ष एकतर्फी होईल. ती आम्लधर्मी असते. पेनात महिनोन् महिने ठेवू नये, दोन-तीन आठवड्यांनी पेन साध्या पाण्याने धुवावे. टाकाची साधी पोलादी निब तिने लवकर गंजते, स्टेनलेस किंवा सोन्याची निब टिकते. या जातीच्या काही शाया वाहायला कोरड्या असतात, त्यामुळे दाब बेताने द्यावा लागतो. बारीक कणांची काळी शाईही टिकते, पण तिची छटा जवळजवळ पडत नाही आणि ती निबमध्ये वाळली तर पेन निकामी होऊ शकते. ड्रॉइंगची लाखमिश्रित शाई तर फाउंटन पेनात कधीच भरू नये.

मग निवड कशी करावी? बाटलीवरच्या चिठ्ठीवर विश्वास ठेवू नका, आमच्या या लेखावरही ठेवू नका. तथागतांनी सांगितलेली रीत इथेही लागू आहे. या आणि स्वतः पाहा. पूर्ण बाटली न घेता थोडा नमुना घ्या. ज्या कागदावर लिहायचे त्याच कागदावर, ज्या निबने लिहायचे त्याच निबने तीन ओळी लिहा. एक दाबून सावकाश, एक दाबून भरभर, एक अजिबात न दाबता. रूळ पडतात का, शाई फुटते का, वाळायला किती वेळ लागतो ते पाहा. दोन दिवसांनी एका ओळीवर पाण्याचा थेंब ठेवून टिपकागदाने टिपा. दुसरी ओळ अर्धी झाकून महिनाभर खिडकीच्या उन्हात ठेवा. एवढा पुरावा पुरेसा आहे.

त्या मुलीने हे सर्व केले. अपाचे सनसेटचा नमुना पाहून आमचाही जीव त्यात अडकला होता. पाण्याच्या थेंबाखाली ती ओळ पसरली. सॅलिक्सची राहिली. तिने सॅलिक्स घेतली.

संविधानाची मूळ इंग्रजी प्रत प्रेमबिहारी नारायण रायजादा यांनी टाकाने, ३०३ क्रमांकाच्या निबने लिहिली. शेकडो निबा झिजल्या, सुमारे सहा महिने लागले. २४ जानेवारी १९५० रोजी संविधान सभेच्या सदस्यांनी प्रतीवर सह्या केल्या. ते अक्षर सुंदर आहे आणि आजही वाचता येते. दोन्ही गोष्टी एकत्र असू शकतात याचा याहून मोठा दाखला आम्हाला माहीत नाही.

आमच्या विहारातली उद्देशिका आता भिंतीवर आहे, थेट ऊन लागणार नाही अशा जागी. 'आम्ही भारताचे लोक' यातला 'भा'चा काना पायाशी काळाभोर झाला आहे आणि शिरोरेषा राखाडी-निळी आहे. पाहायला जरूर या. आणि आपापल्या विहाराचे, मंडळाचे, संघटनेचे इतिवृत्त कोणत्या शाईने लिहिले जाते, ते आजच वही उघडून तपासा.