परदेशांतील नोकरीचा अर्ज

गेल्या उन्हाळ्यांत अंबड तालुक्यांतील आमचे एक सभासद एक कागद घेऊन आमच्याकडे आले. मुलगा आय. टी. आय. मधून वेल्डरची परीक्षा उतरलेला; त्यास आखातांतील एका कारखान्यांत नोकरी लागल्याचें पत्र मोबाइलवर आलें होतें. मोसंबीच्या बागेपैकीं एक एकर गहाण टाकून दीड लाख रुपये भरावे कीं काय, एवढाच त्यांचा प्रश्न होता. पत्रावर शिक्का होता, सहीहि होती. पैसे मात्र एका खासगी इसमाच्या खात्यांत मागितले होते. असे प्रश्न आतां वारंवार येतात, म्हणून या विषयाची थोडी फोड येथें करितों.

पावसाच्या भरंवशावरील शेतीनें घरांतील सर्व हातांस काम पुरत नाहीं, आणि जालन्याच्या लोखंडी सळयांच्या व बियाण्यांच्या कारखान्यांतहि सर्वांची सोय लागत नाहीं. तेव्हां तरुणांनीं इंटरनेटवर परदेशची नोकरी शोधावी यांत गैर कांहीं नाहीं.

परदेशीं माणसें पाठविणाऱ्या एजंटास १९८३ च्या कायद्यानें सरकारी परवाना आवश्यक ठरविला. परराष्ट्र मंत्रालयाच्या 'ई-मायग्रेट' या संकेतस्थळावर एजंटाचें नांव घालून परवाना चालू आहे कीं रद्द झाला, हें घरबसल्या पाहतां येतें. एजंटाच्या मेहनतान्याची मर्यादा ३०,००० रुपये व त्यावरील कर इतकी ठरलेली असून त्याची पावती मागून घ्यावी. "मुंबईच्या साहेबांचा मी माणूस" असें म्हणत गांवोगांव फिरणाऱ्या दलालास या व्यवस्थेंत जागाच नाहीं.

दहावी उत्तीर्ण नसलेल्याचें पारपत्र बहुधा 'इ. सी. आर.' वर्गाचें असतें. अशा मनुष्यास सौदी अरब, कुवेत, कतार, ओमान, मलेशिया आदि देशांत नोकरीस जाण्यापूर्वीं सरकारी मंजुरी लागते. ही कटकट वाटते खरी. परंतु तिच्यामुळेंच करार तपासला जातो व १० लाख रुपयांचा प्रवासी भारतीय विमा उतरतो. त्याचा हप्ता दोन वर्षांस अवघा २७५ रुपये आहे. मंजुरी टाळण्याकरितां पर्यटनाच्या व्हिसावर जाणारा मनुष्य तेथें कायद्याबाहेर पडतो, आणि मग मालक देईल तेंच वेतन!

मार्च २०२५ मध्यें म्यानमारच्या सरहद्दीवरील फसवणुकीच्या अड्ड्यांतून पांचशेंहून अधिक भारतीयांस विमानानें परत आणावें लागलें. त्यांपैकीं अनेकांस चांगल्या नोकरीच्याच आमिषानें नेण्यांत आलें होतें.

अर्जांत 'अनुभव तीन वर्षे' एवढेंच लिहून भागत नाहीं. किती जाडीचा पत्रा, कोणत्या पद्धतीनें जोडला, हें लिहावें. पत्र आल्यावर त्यांतील क्रमांकावर विसंबूं नये. कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरील पत्त्यावर स्वतंत्र चौकशी करावी. जर्मनीकडे डोळे लावून बसलेल्यांनीं भाषेचा अभ्यास आधीं हातीं घ्यावा. २०२४ सालीं महाराष्ट्र सरकारनें बाडेन-वुर्टेम्बर्ग या जर्मन राज्याशीं कुशल कामगारांविषयीं करार केला, तरी भाषेवांचून तेथें निभाव लागणें कठीण. पैसे गेलेच तर लाजेनें गप्प न बसतां १९३० या क्रमांकावर ताबडतोब कळवावें. उशीर झाला कीं रक्कम खात्यांतून पुढें सरकते.

आमच्या सभासदांनीं तशी चौकशी केली. अशी जागाच नसल्याचें कंपनीकडून उत्तर आलें. मुलाचा दुसरा अर्ज परवाना असलेल्या एजंटामार्फत गेला असून उत्तर अद्याप यावयाचें आहे. बाग मात्र गहाण पडली नाहीं.