आधी चादर, मग समजूत

माळशेजकडून ढग उतरले की आमच्या डिंगोऱ्यात अंधारून येते. वर्गाच्या पत्र्यावर पाऊस असा वाजतो की फळ्यापाशी बोललेले मागच्या बाकापर्यंत पोहोचत नाही. अशाच एका दुपारी पाचवीतली एक मुलगी बाकाखाली जाऊन बसली. हात गार, कपाळावर घाम, दात घट्ट आवळलेले. आदल्या पावसाळ्यात रात्री तिच्या घराची भिंत कोसळली होती. कुणाला खरचटलेही नव्हते, म्हणून घरचे ती रात्र विसरून गेले होते. मी म्हणाले, "अगं, घाबरायचं काय त्यात? पाऊसच आहे." ती आणखी आक्रसली.

माझी चूक नंतर लक्षात आली. मी तिला समजावत होते, पण घाबरले होते तिचे शरीर.

शेजारच्या आंबेगाव तालुक्यातील माळीण आपण विसरलेलो नाही. ३० जुलै २०१४ रोजी सकाळी डोंगर गावावर कोसळला आणि १५१ माणसे गेली. पुढे २०१७ मध्ये आमडे येथे नवे गाव वसले. पक्की घरे झाली, पण पाऊस तर दरवर्षी येतोच. असे काही सोसलेल्या माणसाची छाती पावसाच्या आवाजाने धडधडली, तर तो दुबळा नसतो आणि त्याचे ईमानही कमी झालेले नसते.

धोका दिसताच शरीर विचाराची वाट पाहत नाही. रक्तात अॅड्रेनालिन सुटते, श्वास भरभर चालतो, स्नायू ताठ होतात. उसाच्या कडेला बिबट्या समोर आला तर हीच तयारी आपला जीव वाचवते. मोठ्या आघातानंतर मात्र ही धोक्याची घंटा नुसत्या आवाजाने किंवा वासानेही वाजू लागते. "शांत हो" म्हटल्याने ती थांबत नाही. मेंदूपासून हृदय आणि पोटापर्यंत व्हेगस नावाची एक नस जाते. श्वास सावकाश सोडला की तिच्यामार्फत हृदयाचे ठोके मंदावतात.

हिरा गुहेतील पहिल्या वह्यीनंतर प्रेषित मुहम्मद (स.) थरथरत घरी आले आणि अंगावर पांघरूण घालण्यास सांगितले. त्यांना आधी पांघरूण घालण्यात आले. थरकाप ओसरल्यावर हजरत खदीजा (र.) यांनी धीर दिला आणि नंतर त्यांना जाणकार वरका बिन नौफल यांच्याकडे नेले. आधी ऊब, मग शब्द, मग जाणकाराचा सल्ला. आपल्या घरांसाठीही हाच क्रम योग्य आहे.

घरात कुणी असे घाबरले तर जवळ बसा. विचारून हात धरा, गोधडी द्या. दोन्ही पाय जमिनीवर टेकवायला सांगा. तीन मोजत श्वास घ्यायचा, सहा मोजत सोडायचा. आपणही सोबत करायचे. गार पाण्याने तोंड धुऊ द्या. वुजू केला तर उत्तमच. समोर दिसणाऱ्या पाच वस्तूंची नावे घ्यायला लावा. "काय झालं होतं ते सांग" म्हणून खोदू नका. सांगावेसे वाटेल तेव्हा ऐका.

महिना उलटूनही झोप लागत नसेल, तेच तेच भयाण स्वप्न पडत असेल, किंवा कुणी जगणे नकोसे झाल्याचे बोलत असेल, तर डॉक्टरांकडे जाण्यात संकोच नको. शासनाच्या 'टेली मानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आणि रात्रंदिवस चालू असतो. दुआ आणि दवा यांचे भांडण नाही.

यंदा पहिला पाऊस पत्र्यावर वाजला, तेव्हा मी त्या मुलीकडे पाहिले. तिने दोन्ही पाय फरशीवर टेकवले आणि बोटांवर मोजू लागली. थोड्या वेळाने म्हणाली, "बाई, खूप जोरात आहे ना?"

"हो बाळा, खूप जोरात आहे," मी म्हणाले आणि तिच्या शेजारी बसले.