प्रॉक्सी बसवली, तरी व्हॉट्सॲप चालूच

पांढुर्णा किंवा सौंसरमधल्या एमपी ऑनलाइन कियोस्कवर समग्र आयडीची केवायसी, जातीचा दाखला, परीक्षेचा फॉर्म अशी कामं चालतात आणि त्यांचे निम्मे कागद व्हॉट्सॲपवरच येतात. त्याच कॉम्प्युटरवर बसलेलं पोरगं मधूनच गप्पाही मारून घेतं. मग मालकाला कुणीतरी सल्ला देतं, ‘प्रॉक्सी बसवून टाका, व्हॉट्सॲप बंद होईल.’ शाळेच्या कॉम्प्युटर लॅबला आणि बोरगावच्या औद्योगिक क्षेत्रातल्या ऑफिसांनाही हाच सल्ला मिळतो. सल्ला चुकीचा नाही, अर्धवट आहे. आणि जो अर्धा भाग राहून जातो, त्यातूनच व्हॉट्सॲप निसटतं.

सगळ्यात मोठा गैरसमज असा की प्रॉक्सी बसली म्हणजे इमारतीतलं सगळं नेट तिच्यातूनच जाणार. प्रॉक्सी सर्व्हर म्हणजे मधला माणूस. कॉम्प्युटर त्याच्याकडे मागणी करतो, तो बाहेरून वस्तू आणून देतो. पण कॉम्प्युटरनं त्याच्याकडे जायचं ठरवलं तरच. नाक्यावर कितीही कडक तपासणी ठेवा, पांदणीनं निघून गेलेली संत्र्याची गाडी नाक्याला दिसायची नाही. अँड्रॉइड फोनच्या वायफाय सेटिंगमध्ये प्रॉक्सीचा पत्ता भरायला गेलात तर तिथेच सूचना दिसते की ही प्रॉक्सी ब्राउझर वापरतो, इतर ॲप्स वापरतीलच असं नाही. म्हणजे क्रोम नाक्यावरून जाईल आणि शेजारचं ॲप पांदणीनं.

म्हणून खरं काम प्रॉक्सीवर नव्हे, राउटर किंवा फायरवॉलवर सुरू होतं. प्रॉक्सीचं मशीन सोडून दुसऱ्या कुणालाही थेट बाहेर जाता येणार नाही, असा नियम तिथे आधी लावायचा. तो न लावता प्रॉक्सी बसवणं म्हणजे पैसे वाया. आणि तो लावल्यावरही कर्मचाऱ्याच्या खिशातला फोन स्वतःच्या सिमच्या डेटावर चालतो, त्याला तुमचं नेटवर्क लागतच नाही. तिथे तंत्र थांबतं. फोन ड्रॉवरमध्ये ठेवायचा की नाही, हे मालकानं बोलूनच ठरवायला हवं.

दुसरा गैरसमज जुन्या माहितगारांचा: ‘पोर्ट बंद करा.’ याहू मेसेंजर ५०५० वर, एमएसएन १८६३ वर, आयसीक्यू ५१९० वर चालायचं, त्या काळातली ही सवय. तेव्हाही ती पुरती लागू पडत नव्हती, कारण ५०५० बंद दिसलं की याहू मेसेंजर वेबसाइटच्या ८० नंबरच्या पोर्टवरून वाट काढायचा. तो मेसेंजर जुलै २०१८ मध्ये बंद झाला, सल्ला मात्र अजून चालू आहे. व्हॉट्सॲप ५२२२ वापरतं, पण ते अडवलं तर ४४३ वर येतं. आणि ४४३ म्हणजे बँक, समग्र पोर्टल, परीक्षेचा फॉर्म, सगळ्यांचाच रस्ता. तो बंद केला की दुकानच बंद.

मग अडवायचं कसं? नावानं. स्क्विड नावाची मोफत प्रॉक्सी बरीच वर्षं वापरात आहे, ती सहसा ३१२८ पोर्टवर चालते. ब्राउझरला सुरक्षित साइटवर जायचं असतं तेव्हा तो आधी प्रॉक्सीला सांगतो की मला अमुक नावाच्या सर्व्हरशी जोडून दे. पुढचं बोलणं कुलूपबंद असलं तरी हे नाव उघडं असतं आणि स्क्विड तिथेच नकार देऊ शकते. पण इथे अनेक जण फक्त ‘वेब डॉट व्हॉट्सॲप डॉट कॉम’ अडवतात. त्यानं ब्राउझरमधलं व्हॉट्सॲप थांबेल. ॲप मात्र ‘व्हॉट्सॲप डॉट नेट’ या दुसऱ्या नावाशीही बोलतं, तेव्हा ‘व्हॉट्सॲप डॉट कॉम’ आणि ‘व्हॉट्सॲप डॉट नेट’ ही दोन्ही नावं त्यांच्या उपनावांसकट यादीत हवीत. स्क्विडच्या यादीत नावाआधी टिंब दिलं की उपनावं आपोआप येतात.

नाव नको, आयपी पत्तेच अडवू, हा मोह मोठमोठ्यांनाही झाला आहे. रशियानं एप्रिल २०१८ मध्ये टेलिग्राम बंद करायला घेतलं. टेलिग्राम ॲमेझॉन आणि गुगलच्या सर्व्हरांवरून फिरत राहिलं, तर सरकारी यंत्रणेनं त्या कंपन्यांचे दीड कोटीहून जास्त पत्ते अडवले. टेलिग्राम चालूच राहिलं. भलत्याच दुकानांची, सेवांची संकेतस्थळं मात्र बंद पडली. जून २०२० मध्ये बंदी मागे घेतली गेली. अख्ख्या देशाच्या यंत्रणेला जे जमलं नाही, ते कियोस्कच्या राउटरवर करून पाहण्यात अर्थ नाही.

उलट दिशेची भीतीही ऐकू येते: प्रॉक्सी बसली म्हणजे साहेब आपले मेसेज वाचणार. नाही. एप्रिल २०१६ पासून व्हॉट्सॲपचे मेसेज पाठवणाऱ्याच्या फोनवर कुलूपबंद होतात आणि घेणाऱ्याकडेच उघडतात. प्रॉक्सीच्या नोंदीत कुठल्या मशीनवरून, किती वाजता, कुठल्या नावाशी, किती डेटा एवढंच दिसतं. हेही थोडं नाही बरं का. रोज दुपारी दोन तास व्हॉट्सॲप, एवढं कळायला मेसेज वाचावे लागत नाहीत. आणि कंपनीच्या कॉम्प्युटरवर स्क्रीन टिपणारं सॉफ्टवेअर असेल तर कुलुपाचा उपयोग नाही. पण तो प्रॉक्सीचा गुण नव्हे.

या नोंदी ठेवणं काहींना बंधनकारकही आहे. लोकांना बसून नेट वापरू देण्याचा धंदा असेल तर २०११ चे सायबर कॅफेचे नियम लागू होतात. पाहिलेल्या संकेतस्थळांचा इतिहास आणि प्रॉक्सी असेल तर तिच्या नोंदी किमान एक वर्ष जपायला ते सांगतात. प्रॉक्सी बसवून नोंदी पुसून टाकणाऱ्यानं हे लक्षात ठेवावं.

प्रॉक्सी फक्त अडवण्यासाठीच असते, हाही समज सोडायला हवा. जानेवारी २०२३ मध्ये खुद्द व्हॉट्सॲपनंच ॲपमध्ये प्रॉक्सीची सोय दिली, जिथे ते बंद आहे तिथे दुसऱ्याच्या सर्व्हरमधून जोडता यावं म्हणून. तुमची यादी कितीही पक्की असली, तरी अनोळखी पत्त्याचा असा सर्व्हर तिच्यात नसतो. याला उत्तर पुन्हा फायरवॉलचंच, आणि प्रॉक्सीवर परवानगीची छोटी यादी ठेवण्याचं: बँक, सरकारी पोर्टल, मेल चालेल, बाकी नाही. लॅबमध्ये हे जमतं. कियोस्कवर रोज नवी साइट लागते, तिथे मालक दोन दिवसांत कंटाळतो.

कियोस्कवाल्यानं व्हॉट्सॲप पूर्ण बंद करूच नये, असं माझं मत आहे. आधार कार्डाचा फोटो गिऱ्हाईक मेलवर पाठवणार नाही. स्क्विडमध्ये मशीनच्या पत्त्यानुसार आणि वेळेनुसार वेगळे नियम लावता येतात. काउंटरवरच्या एका कॉम्प्युटरला दिवसभर परवानगी द्यावी, आतल्या बाकीच्यांना फक्त जेवणाच्या सुट्टीत. नियमांचा क्रम तेवढा सांभाळायचा: स्क्विड यादी वरून खाली वाचते आणि जुळलेल्या पहिल्या ओळीवर थांबते, म्हणून काउंटरच्या परवानगीची ओळ बंदीच्या ओळीच्या वर हवी.