शुक्रवारचा आकडा, सोमवारची परीक्षा: सिनेमा खरंच चालला का, हे ओळखायचं कसं?

जून २०२३ मधली गोष्ट. १६ तारखेला 'आदिपुरुष' थिएटरमध्ये आला. प्रभाससारखा स्टार, रामायणाची कथा, पाण्यासारखा ओतलेला पैसा आणि दिग्दर्शक मराठमोळा ओम राऊत. पहिल्या दिवशी जगभरात १४० कोटींची कमाई झाल्याचं निर्मात्यांनी जाहीर केलं. तीन दिवसांचा आकडा दिला ३४० कोटी. रविवारी रात्रीपर्यंत सोशल मीडियावर 'सुपरहिट'ची पोस्टर्स फिरत होती.

मग सोमवार उजाडला. निर्मात्यांच्याच पोस्टरवरचा आकडा ३४० वरून जेमतेम ३७५ वर गेला. वीकेंडला रोज शंभर कोटी किंवा त्याहून जास्त असलेली कमाई एका दिवसात ३५ कोटींवर आली. आठवड्याच्या शेवटी तिकिटं १५० रुपयांपर्यंत खाली आणली गेली, वादग्रस्त संवादही बदलले गेले. पण गाडी रुळावर आली नाही.

बरोबर दोन आठवड्यांनी, ३० जूनला, केदार शिंदेंचा 'बाईपण भारी देवा' आला. मंगळागौरीच्या स्पर्धेसाठी एकत्र येणाऱ्या सहा बहिणींची गोष्ट, आणि एकही सुपरस्टार नाही. पहिल्या तीन दिवसांत कमाई झाली साधारण साडेसहा कोटी. 'आदिपुरुष'च्या तुलनेत हा आकडा किरकोळच. पण सोमवारनंतरही बायका येत राहिल्या. भिशीचे ग्रुप, सोसायटीतल्या मैत्रिणी, सासू-सुना, नऊवारी नेसून आणि गॉगल लावून आलेली टोळकी. दुसऱ्या आठवड्याचा गल्ला पहिल्यापेक्षा मोठा झाला. सिनेमाच्या धंद्यात असं फार क्वचित घडतं.

मग शुक्रवार-शनिवार-रविवारचे हे आकडे नेमकं सांगतात तरी काय?

आधी हे बघा: ग्रॉस, नेट की शेअर?

एकाच सिनेमाचे तीन वेगवेगळे आकडे फिरतात आणि तिन्ही खरे असू शकतात.

समजा तुम्ही २३६ रुपयांचं तिकीट काढलं. हे २३६ रुपये म्हणजे 'ग्रॉस'. १०० रुपयांवरच्या तिकिटावर १८ टक्के जीएसटी असतो, म्हणजे यातले ३६ रुपये सरकारचे. उरलेले २०० रुपये हे 'नेट'.

हे २०० रुपयेही निर्मात्याच्या खिशात जात नाहीत. २००९ मध्ये निर्माते आणि मल्टिप्लेक्सवाल्यांचा मोठा वाद झाला होता. दोन महिने नवे हिंदी सिनेमेच प्रदर्शित होत नव्हते. त्यातून जी तडजोड निघाली, तिच्यानुसार नेट कमाईतला साधारण ५० टक्के वाटा पहिल्या आठवड्यात वितरकाला मिळतो. दुसऱ्या आठवड्यात तो ४२.५ टक्के, तिसऱ्यात ३७.५ आणि त्यानंतर ३० टक्के होतो. करार सिनेमागणिक बदलतात, पण ढाचा हाच. वितरकाच्या या वाट्याला म्हणतात 'शेअर'.

म्हणजे पोस्टरवर '१० कोटी' दिसले आणि तो आकडा ग्रॉस असेल, तर नेट होतो साधारण साडेआठ कोटी. पहिल्या आठवड्यातला शेअर सव्वाचार कोटींच्या आसपास. त्यातून प्रसिद्धीचा खर्च आणि वितरकाचं कमिशन वजा केलं की उरेल ते निर्मात्याचं. पाच कोटींत बनलेल्या सिनेमाने 'दुप्पट कमाई केली' असं आपण म्हणतो, तेव्हा निर्माता कदाचित अजून तोट्यातच असतो.

'शंभर कोटी क्लब'चंही असंच. हिंदीत हा क्लब बहुतेक वेळा भारतातल्या नेट कमाईवर मोजतात. नागराज मंजुळेंच्या 'सैराट'ने २०१६ मध्ये मराठीत पहिल्यांदा शंभर कोटींचा टप्पा ओलांडला, तो ग्रॉसचा. त्यामुळे 'सैराट'चं मोठेपण कमी होत नाही, पण दोन वेगळ्या मापांची तुलना करून भांडण्यात अर्थ नसतो.

हे आकडे देतं कोण?

भारतात तिकीटबारीचे आकडे तपासून जाहीर करणारी अधिकृत सरकारी यंत्रणा नाही. आकडे येतात निर्मात्यांकडून, ट्रेड अॅनालिस्टकडून आणि अंदाज बांधणाऱ्या वेबसाइट्सकडून. निर्माता सहसा जगभरातलं ग्रॉस सांगतो, कारण तोच आकडा सगळ्यात मोठा दिसतो. वेबसाइट्स ऑनलाइन बुकिंगवरून भारतातलं नेट काढतात. म्हणूनच एकाच संध्याकाळी एका सिनेमाचे दोन आकडे दिसतात आणि फॅन्स एकमेकांना खोटं ठरवत बसतात.

आणखी एक गोष्ट या आकड्यांत दिसत नाही, ती म्हणजे डोकी. २३ सप्टेंबर २०२२ ला देशात पहिला 'राष्ट्रीय चित्रपट दिन' झाला. तिकीट होतं फक्त ७५ रुपये. त्या एका दिवशी ६५ लाखांच्या आसपास लोक थिएटरमध्ये गेल्याचं मल्टिप्लेक्सच्या संघटनेनं सांगितलं. गर्दी विक्रमी होती, पण तिकीट स्वस्त असल्यामुळे गल्ल्याचा आकडा त्या मानाने लहान. उलट मुंबईतल्या महागड्या स्क्रीनवर अर्धं थिएटर रिकामं असूनही गल्ला भरलेला दिसू शकतो.

'करमुक्त' झाला म्हणजे काय?

फेब्रुवारी २०२५ मध्ये लक्ष्मण उतेकरांचा 'छावा' आला तेव्हा मध्य प्रदेश आणि गोव्याने तो करमुक्त केला. मग महाराष्ट्रानेच का नाही, असा सवाल सोशल मीडियावर झाला. मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांचं उत्तर होतं की, राज्यात करमणूक कर २०१७ मध्येच रद्द झालाय, त्यामुळे माफ करायला तो कर उरलेलाच नाही. आता तिकिटावर जीएसटी असतो. त्यातला निम्मा केंद्राचा, निम्मा राज्याचा. राज्य सरकार फार तर आपला वाटा सोडू शकतं. म्हणजे 'करमुक्त' सिनेमाचं तिकीट स्वस्त होतं, पण थोडंसंच.

सोमवार इतका महत्त्वाचा का?

शुक्रवारचा गल्ला ट्रेलर, स्टार आणि अॅडव्हान्स बुकिंगच्या जिवावर जमतो. तोपर्यंत सिनेमा कुणी पाहिलेलाच नसतो. शनिवार-रविवारी सुट्टी असते, त्यामुळे आकडा वाढणं स्वाभाविक. सोमवारी ना सुट्टी ना उत्सुकता. त्या दिवशी जो थिएटरमध्ये जातो, तो बहुतेकदा कुणीतरी 'बघच' म्हणून सांगितल्यामुळे.

म्हणून जाणकार सोमवारची तुलना रविवारशी न करता शुक्रवारशी करतात. सोमवारचा आकडा शुक्रवारच्या जवळपास राहिला तर सिनेमा टिकला. निम्म्याच्याही खाली गेला तर अवघड. ऑक्टोबर २०२३ मधला 'ट्वेल्थ फेल' याच परीक्षेत पास झाला. पहिल्या दिवशी जेमतेम कोटभर कमावलेला हा सिनेमा नंतर कित्येक आठवडे थिएटरमध्ये होता.

पण सोमवार बघायची संधी सगळ्यांना मिळते का?

खरी मेख इथे आहे. पुढच्या शुक्रवारी कुठल्या सिनेमाला किती शो द्यायचे, हे आठवड्याच्या मधल्या दिवसांत ठरतं, आणि आधार असतो पहिल्या वीकेंडचा. मोठ्या सिनेमाकडे हजारो शो असतात, निम्मे कापले तरी तो उरतो. छोट्या मराठी सिनेमाला तालुक्याच्या गावात एक शो मिळतो, तोही सकाळी किंवा भरदुपारी, लोक कामावर असताना. मग शो रिकामा जातो आणि 'प्रेक्षकच नाहीत' म्हणून तोही काढला जातो.

भाऊराव कऱ्हाडेंचा 'टीडीएम' २८ एप्रिल २०२३ ला आला, तेव्हा शो मिळत नाहीत म्हणून त्याच्या टीमला प्रेक्षकांसमोर रडू कोसळलं होतं. शेवटी सिनेमा मागे घेतला गेला आणि जूनमध्ये पुन्हा प्रदर्शित करावा लागला. मल्टिप्लेक्समध्ये प्राइम टाइमला मराठी सिनेमा लावण्याचं धोरण राज्य सरकारने २०१५ मध्येच आणलं होतं. पण त्यातला 'प्राइम टाइम' चर्चेनंतर दुपारी १२ ते रात्री ९ असा ताणला गेला. दुपारी १२ चा शोही त्यात बसतो.

मग रिव्ह्यूंचं काय?

पहिला शो संपायच्या आत यूट्यूबवर निकाल लागलेला असतो. काही मतं प्रामाणिक असतात, काही पैसे घेऊन दिलेली, काही फक्त दुसऱ्या हिरोच्या फॅन्सनी ओतलेला राग. २०२४ मध्ये तमिळ निर्मात्यांची संघटना थेट मद्रास हायकोर्टात गेली होती. प्रदर्शनानंतरचे पहिले तीन दिवस रिव्ह्यूंवर बंदी घाला, अशी मागणी होती. कोर्टाने तशी सरसकट बंदी घालायला नकार दिला. मत मांडायचा हक्क प्रेक्षकाचा आहेच.

फक्त पहिल्याच दिवशी एखाद्या सिनेमावर 'डिझास्टर'चा शिक्का मारताना तो सिनेमा केवढा आहे, हे बघायला हवं. सुपरस्टारच्या सिनेमाला त्या पोस्टने फार फरक पडत नाही. पन्नास शोवाल्या सिनेमाचे पुढच्या आठवड्यातले वीस शो त्यामुळे जाऊ शकतात.

पोस्ट शेअर करण्याआधी

आकडा ग्रॉस आहे की नेट, भारतातला की जगभरातला, तो सांगितला कुणी, किती शोमधून आला आणि त्यात सोमवार आहे की नाही, एवढं बघितलं तरी निम्मी भांडणं मिटतील.

आणि एखादा मराठी सिनेमा बघायचा असं ठरलंच असेल, तर 'पुढच्या आठवड्यात जाऊ' म्हणण्याआधी गुरुवारपर्यंतचे शो तपासा. पुढच्या आठवड्यात तो तुमच्या गावात असेलच, याची खात्री नसते.