संगणकाचा उसना पत्ता



नवोदयचे फॉर्म भरायचा शेवटचा दिवस होता आणि माझ्या बहिणीचा फॉर्म राहिला होता. गुरुजी शाळेच्या संगणकावर बसले, तर पडद्यावर सूचना आली की हा पत्ता दुसऱ्या यंत्राकडे आहे. इंटरनेट लागेना. शेतावरचे काम टाकून आलेली आई दारात उभी.

मी विचारले, "गुरुजी, संगणकाला कसला आलाय पत्ता?"

पत्राला पिन कोड लागतो, तसा त्यालाही आकडी पत्ता लागतो. कर्जतचा पिन ४१०२०१, खालापूरचा ४१०२०२. श्रीराम भिकाजी वेलणकर यांची ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाली. पण पिन कायमचा, आणि शाळेतल्या संगणकाचा पत्ता बहुधा उसना! केंद्राच्या क्रीडा स्पर्धेत आपल्या छातीला नंबर लावतात आणि संध्याकाळी परत घेतात ना, अगदी तसा.

नंबर वाटते ती कोपऱ्यातली लुकलुकणारी पेटी, म्हणजे राउटर. संगणक सुरू झाला की त्याला राउटर कुठे आहे हेही ठाऊक नसते. म्हणून तो सगळ्यांना ऐकू जाईल अशी हाक मारतो, "कुणी नंबर देतंय का?"

राउटर म्हणतो, "१९२.१६८.१.७ मोकळा आहे, घेतोस?"

"हाच द्या."

"दिला. उद्यापर्यंत तुझा."

राउटर तशी नोंद ठेवतो. अर्धी मुदत सरली की संगणक स्वतःच वाढवून मागतो. जो बंदच राहिला, त्याचा नंबर मुदतीनंतर दुसऱ्याला मिळू शकतो. या रीतीला डीएचसीपी म्हणतात. तिचे नियम प्रथम १९९३ साली प्रसिद्ध झाले.

मग आमचे घोडे कुठे अडले? कुणीतरी पूर्वी आमच्या संगणकात १९२.१६८.१.५ हा पत्ता हाताने लिहून ठेवला होता. राउटरकडे त्याची नोंदच नाही! संगणक बंद असताना त्याने तोच नंबर गुरुजींच्या मोबाइलला दिला. एका नंबराचे दोन खेळाडू धावले, तर पंचांनी करायचे काय?

गुरुजींनी हाताने लिहिलेला पत्ता पुसला आणि 'पत्ता आपोआप घ्या' असे निवडले. लगेच १९२.१६८.१.७ मिळाला. फॉर्म गेला, तेव्हा कुठे आई खाली बसली.

खालापूरला मामांच्या घरीही एका मोबाइलला १९२.१६८.१.५ च आहे, मी पाहिले. पण त्याचे आमच्याशी भांडण नाही. हे पत्ते घराच्या किंवा शाळेच्या आतच चालतात. हजेरी क्रमांक पाच काय, प्रत्येक शाळेत असतोच की!

— इयत्ता सातवी