खोली किरायाने देणे आहे

नागपूरजवळ महादुल्याच्या टी-पॉइंटवरून कोराडीकडे वळलं की वीज केंद्राच्या चिमण्या कुठूनही दिसतात, आणि त्यांच्या आसपासच्या गल्ल्यांत फाटकाफाटकावर ऑइलपेंटने रंगवलेली पाटी: खोली किरायाने देणे आहे. केंद्रातले कंत्राटी कामगार आणि ट्रकवाले यांच्या जिवावर हा खोल्यांचा धंदा चालतो. त्याच पाट्या वाचत सदुसष्ट वर्षांचे एक काकाजी पायी फिरत असतात. केंद्रात ठेकेदाराकडे त्यांनी हेल्परी केली, पुढे फिटरकी केली. आताची खोली मालकाला पाडून बांधायची आहे, म्हणून महिनाभरात सोडायची.

पहिल्या घरी प्रश्न येतो, किती माणसं? एकटाच, म्हटल्यावर मालकीण जरा थांबते.

‘‘काकाजी, राग नका मानू. रात्री-बेरात्री काही कमीजास्त झालं तं आमी कोणाले सांगाचं?’’

ती वाईट बाई नाही. डिपॉझिटचं तिने विचारलंही नाही. तिला भीती वाटते ती बंद दाराची, हाक मारूनही आतून ओ न येण्याची. दुसऱ्या घरी हेच जरा गोड शब्दांत. तिसऱ्या घरी खोली ‘कालच गेली’ असते, पाटी मात्र तशीच लटकलेली.

किरायाच्या या भटकंतीला कंटाळून काकाजींनी दोन खोल्यांपुरतं कर्ज मिळतं का, हे विचारून पाहिलं होतं. काउंटरवरून उत्तर आलं, सिबिल खराब आहे. सिबिल म्हणजे काय, हे त्यांना तिथंच पहिल्यांदा कळलं. कर्जफेडीच्या इतिहासावरून ३०० ते ९०० मध्ये एक आकडा निघतो, तो खाली असला की अर्ज पुढे सरकत नाही. काकाजींनी स्वतः कधी कर्ज घेतलेलं नव्हतं. सोबतच्या कामगाराने ऑटो घेतला तेव्हा जामीनदार म्हणून सही केली होती, एवढंच. ऑटोचे हप्ते थकले आणि ती थकबाकी काकाजींच्या सिबिल अहवालातही उमटली. जामीनदाराची सही म्हणजे निव्वळ ओळख देणं नव्हे. कर्जदाराने पैसे बुडवले की बँक जामीनदाराकडेही वसुली मागू शकते. सही करताना हे सांगणारा कोणी नव्हता.

इथे एक गोष्ट मनाला फार लागते. तीस वर्षं या माणसाने दर महिन्याला किराया दिला, वेळेवर दिला. हातात दिलेल्या त्या पैशांची नोंद कुठल्याच अहवालात नाही, आणि मैत्रीखातर केलेल्या एका सहीची मात्र आहे. असा आकडा पाहून माणसाच्या भरवशाचा अंदाज बांधणं हा सरळ अन्याय आहे.

अहवाल दुरुस्त करायचा मार्ग आहे, पण तो किचकट. देशात असे अहवाल तयार करणाऱ्या चार कंपन्या आहेत. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे प्रत्येकीने वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट द्यायचा असतो. काकाजी ऑनलाइन सेंटरवर बसले, तर ओटीपी गेला जुन्या बंद पडलेल्या नंबरवर. आधी नंबर बदलणं आलं. मग अहवाल उघडला, एकेक खातं वाचलं. खात्यापुढे ‘सेटल्ड’ दिसतं, म्हणजे तडजोडीत काही रक्कम सोडलेली. ‘क्लोज्ड’ म्हणजे पूर्ण फिटलेलं. या दोन शब्दांत बँकेच्या लेखी जमीन-अस्मानाचा फरक. मित्राच्या मुलाने मागाहून सगळी बाकी भरली होती, तरी नोंद जुनीच राहिलेली. नो-ड्यूजचा कागद शोधून तक्रार टाकली. अशी तक्रार तीस दिवसांत निकाली निघाली नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाईचा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे. हे काकाजींना सेंटरवरच्या पोराने सांगितलं, त्यांच्या बँकेने नाही.

आकडा सुधारला तरी वय आडवं येतंच. गृहकर्ज साधारण सत्तर-पंचाहत्तरीच्या आत फिटावं, अशी बँकांची अट असते. पाच लाख रुपये नऊ टक्क्यांनी आठ वर्षांत फेडायचे तर हप्ता सव्वासात हजारांच्या पुढे जातो. कर्मचारी पेन्शन योजनेची (ईपीएस) किमान पेन्शन २०१४ पासून हजार रुपये आहे. वजाबाकी करायचीही गरज नाही.

पंतप्रधान आवास योजनेत स्वतःच्या जागेवर बांधायला मिळतं ते अनुदान, कर्ज नव्हे. तिथे सिबिलचा आकडा आड येत नाही. महादुल्यासारख्या नगरपंचायतीच्या हद्दीत केंद्र-राज्य मिळून अडीच लाख. ग्रामपंचायतीच्या हद्दीत योजना ग्रामीणची आणि मूळ रक्कम एक लाख वीस हजार. पण पायाखाली आपल्या नावाची जागा हवी, आणि किरायाने राहणाऱ्याकडे नेमकी तीच नसते.

म्हणून पुन्हा खोलीच. शेवटी ती पाटी वाचून मिळाली नाही, जुन्या फिटरच्या ओळखीने मिळाली. काकाजींनी मालकीणबाईंना दोन गोष्टी आपणहून सांगितल्या: किराया महिन्याच्या पाच तारखेला, आणि करारनामा नोंदवून. महाराष्ट्राच्या १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यानुसार करार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी मालकाची असते. बाईंना ते ठाऊक नव्हतं, ऐकून त्या तयार झाल्या. यावेळी दर महिन्याची पावतीही ठरली.

सामान आलं ते एका ऑटोत: पलंग, गॅसची शेगडी, पत्र्याची पेटी. खिडकीच्या कठड्यावर राखेचा करडा थर होता, तो त्यांनी ओल्या फडक्याने पुसला. मग पेटीतून खडू काढून दाराच्या आतल्या बाजूला ठळक अक्षरांत दोन फोन नंबर लिहिले, एक भाच्याचा, एक फिटरचा. मालकीणबाईंना बोलावून दाखवले. त्यांनी वाचले, मोबाइल काढला आणि दोन्ही जपून ठेवले.